कॉन्फिगमॅप आणि सीक्रेट: कुलूप नेमकं कशाला आहे?

हापूसच्या सीझनला रत्नागिरी-देवगडचे बरेच बागायतदार आता थेट ऑनलाइन ऑर्डर घेतात. अशा साइटमागे ऑर्डर, पेमेंट, कुरिअर या सर्व्हिस कुबरनेटीसवर (कंटेनर चालवणारी, सांभाळणारी यंत्रणा) वेगवेगळ्या कंटेनरमध्ये (प्रोग्रॅमची स्वतंत्र डबी) चालत असतील, तर कॉन्फिगमॅप (साध्या सेटिंग ठेवायची जागा) आणि सीक्रेट (गुप्त माहिती ठेवायची जागा) यांत गल्लत हमखास होते.

वरवर दोन्ही सारखीच. कमाल आकार १ मेबीबाइट. पॉडला, म्हणजे एकत्र चालणाऱ्या एक किंवा अधिक कंटेनरच्या गटाला, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅम सुरू होताना मिळणारं मूल्य) म्हणून द्या, नाहीतर फाइल म्हणून माउंट करा. पुण्याला पेटी पाठवायचा दर, डिलिव्हरीचे पिनकोड हे कॉन्फिगमॅपमध्ये. डेटाबेसचा पासवर्ड, पेमेंट गेटवेची की सीक्रेटमध्ये.

घोडं पेंड खातं ते पुढे. सीक्रेट उघडलं की पासवर्डच्या जागी अगम्य अक्षरं दिसतात, बऱ्याचदा शेवटी बरोबरचं चिन्ह, आणि वाटतं, झालं एन्क्रिप्ट! ते नुसतं बेस६४ एन्कोडिंग असतं, म्हणजे तीच माहिती ठरावीक अक्षरांत लिहायची पद्धत. उलगडायला कसलीही की लागत नाही. टर्मिनलवर एक कमांड मारली की पासवर्ड जसाच्या तसा समोर. म्हणून सीक्रेटची यामल फाइल (सेटिंग लिहायची मजकूर फाइल) गिटमध्ये (कोडचे सगळे जुने बदल जपणारी प्रणाली) टाकणं म्हणजे पासवर्डच टाकणं. नंतर डिलीट केली तरी जुन्या कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) ती राहतेच. तसं झालं असेल तर पासवर्ड बदला, दुसरा इलाज नाही.

क्लस्टरच्या (कुबरनेटीस चालवणाऱ्या मशिनच्या समूहाच्या) आतही तीच गत. मूळ कुबरनेटीस सीक्रेट एटसीडीत (क्लस्टरची माहिती ठेवणारा डेटाबेस) एन्क्रिप्ट न करताच साठवतं. ते एन्क्रिप्शन वेगळं चालू करावं लागतं. क्लाउड कंपन्यांच्या तयार क्लस्टरमध्ये प्रत्येकीची तऱ्हा निराळी, तेव्हा आपल्याकडे काय चालू आहे ते बघून घ्या.

मग सीक्रेट हवं कशाला? मला विचाराल तर, परवानग्या वेगळ्या ठेवता येतात म्हणून. रोज दर बदलणाऱ्या माणसाला आरबॅकमधून (भूमिकेनुसार परवानग्या देण्याची सोय) कॉन्फिगमॅप द्यायचा, सीक्रेट नाही. पण ज्याला सीक्रेट असलेल्या नेमस्पेसमध्ये (क्लस्टरमधला वेगळा कप्पा) पॉड तयार करता येतो, तो स्वतःच्या पॉडमध्ये सीक्रेट माउंट करून सरळ वाचू शकतो. ही वाट फार थोड्यांच्या लक्षात येते. मी तर सगळ्यात आधी तीच तपासेन.

ऐन एप्रिलमध्ये पासवर्ड बदलायची वेळ आली, तर माउंट केलेली फाइल थोड्या वेळाने आपोआप बदलते. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल मात्र पॉड रीस्टार्ट होईपर्यंत जुनंच राहतं. तेव्हा आधी नवा पासवर्ड डेटाबेसमध्ये चालू करा, सीक्रेट बदला, रोलआउट रीस्टार्ट (पॉड टप्प्याटप्प्याने नव्याने सुरू करणं) करा, आणि सगळे पॉड नव्याने उभे राहिल्यावरच जुना बंद करा.