किनाऱ्यावरच्या वालुकागिरी आणि वारा

वालुकागिरी म्हणजे वाऱ्यानं आणून टाकलेल्या रेतीची टेकडी, आणि समुद्राकाठी पुळणीच्या मागं जी बनते ती किनाऱ्यावरची वालुकागिरी. शाळेच्या भूगोलात हा शब्द राजस्थानसोबत येतो म्हणून बऱ्याच जणांना ती वाळवंटाचीच गोष्ट वाटते, पण आपल्याच राज्यात दापोली तालुक्यात केळशीला समुद्राला लागून रेतीची चांगली मोठी टेकडी आहे, आणि फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर पिला नावाची टेकडी तर शंभरेक मीटर उंच आहे अन् मागच्या पाइनच्या जंगलावर दरवर्षी काही मीटर सरकत चाललीय.

आता आमच्या विदर्भाला समुद्र नाही हे खरं, पण रेती उडते कशी हे बघायला समुद्रच पाहिजे असं काही नाही. मे महिन्यात वैनगंगेच्या कोरड्या पात्रात दुपारी उभं राहा, वारा सुटला की पायाच्या नळीला बारीक बारीक टोचतं आणि तोंडाला मात्र काहीच लागत नाही. म्हणजे रेती जमिनीलगतच धावते, बहुतेक सगळी गुडघ्याच्या खाली. एक कण उचलला जातो, वाऱ्यासोबत थोडा पुढं जातो, खाली आदळतो आणि आदळताना दुसऱ्या दोन-चार कणांना उडवतो, असं टप्प्याटप्प्यानं उड्या मारत चालतं. जाड कण उडत नाहीत, ते मागून धक्के खात घसटत जातात. राल्फ बॅग्नोल्ड नावाच्या ब्रिटिश लष्करी इंजिनिअरनं इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात मोटारी घालून फिरता फिरता हे बघितलं, मग इंग्लंडला जाऊन वाऱ्याच्या बोगद्यात (यंत्रानं वारा सोडायच्या लांब पेटीत) मोजलं आणि १९४१ मध्ये पुस्तक छापलं. या विषयाचा पाया आजही तेच.

किती वारा लागतो? पाव मिलिमीटरची कोरडी रेती असेल तर माणसाच्या उंचीवर ताशी १८-२० किलोमीटरच्या आसपास वारा झाला की ती हलायला लागते, आणि एकदा कण आदळायला लागले की त्याहून कमी वाऱ्यातही उडणं चालू राहतं. पुढचा हिशोब मात्र सरळ नाही, वाऱ्याचा जोर दुप्पट झाला तर रेती दुप्पट नाही, जवळपास आठपट वाहते. म्हणून वर्षभराच्या मंद झुळुकीपेक्षा चार दिवसांचं वावधन जास्त काम करून जातं.

वारा निवड पण करतो. खळ्यावर तूर उपणताना दाणा पायाशी पडतो, कुटार थोडं पुढं अन् धूळ शेजारच्याच्या वावरात, तसंच इथं. गोटे-शिंपले पुळणीवर राहतात, एकदम बारीक धूळ हवेत लांब निघून जाते, आणि मधल्या मापाचे कण टेकडीत येतात, म्हणून टेकडीची रेती मूठभर घेतली तर चाळणीतून काढल्यासारखी सारखी दिसते.

खरी मजा पुढं आहे. टेकडी थोडीशी जरी उभी राहिली की ती वाऱ्यालाच वळवायला लागते. सपाटीवरून येणारा वारा टेकडीच्या पायथ्याशी थोडा मंद होतो, मग चढावर दबून दबून वेग घेतो आणि माथ्यावर, चढ चांगला असेल तर, सपाटीच्या दीडपटीपर्यंत जातो. वरचा आठपटीचा हिशोब लावला तर दीडपट वाऱ्यात रेती तिपटीहून जास्त वाहायला पाहिजे! मग माथा खरवडून टेकडी सपाट का होत नाही? याचं उत्तर बरीच वर्षं नीट जुळत नव्हतं. जॅक्सन आणि हंट या दोन शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये बुटक्या टेकडीवरून जाणाऱ्या वाऱ्याचं गणित मांडलं, त्यात निघालं की जमिनीवरचा वाऱ्याचा घासा (रेतीला ओढून नेणारा जोर) बरोबर माथ्यावर सर्वात जास्त नसतो, माथ्याच्या थोडा अलीकडे, चढावरच असतो. म्हणजे माथ्यापर्यंत पोचता पोचता ओढ कमी व्हायला लागलेली असते आणि रेती तिथं पडते. पण दुसरी गोष्ट उलटी ओढते, कण वाऱ्याबरोबर लगेच वेग घेत नाहीत, थोडं अंतर मागं राहतात, बैल थांबले तरी बंडी दोन पावलं पुढं येते तसं. टेकडीच्या मानानं हे अंतर मोठं पडलं तर ती उभीच राहत नाही, म्हणून फार छोटा ढीग टिकत नाही.

माथा ओलांडला की वारा जमीन सोडतो. मागच्या बाजूला त्याचा भोवरा होतो, जमिनीलगत तर तो उलटा टेकडीकडेच फिरतो, आणि टेकडीच्या उंचीच्या चार ते आठ पट अंतर गेल्यावर वारा परत जमिनीला टेकतो. या आडोशात रेती नुसती गळून पडते, साचत साचत उतार ३०-३४ अंशांचा झाला की धसते. ट्रॉलीतून रेती ओतल्यावर ढिगाचा जो उतार होतो तोच हा. पुढून खाणं आणि मागं टाकणं, एवढ्यातच टेकडी सरकते.

हे सगळं वाळवंटातही होतं, समुद्रकाठी त्यात अजून तीन-चार भानगडी येतात. एक म्हणजे ओल. ओली रेती चिकटून बसते, म्हणून कोकणात पावसाळ्यात वारा सर्वात जोरदार असूनही रेती फारशी उडत नाही, उलट लाटाच पुळण खाऊन टाकतात, उन्हाळ्यात दुपारचा समुद्री वारा आणि ओहोटीनं उघडी पडून वाळलेली पुळण हे जमलं की काम होतं. दुसरं म्हणजे धाव. रेतीचा प्रवाह भरायला वाऱ्याला लांब उघडी जागा लागते, पुळण अरुंद असेल तर समोरून येणाऱ्या वाऱ्यापेक्षा तिरपा वारा जास्त रेती आणतो. आणि सर्वात मोठं म्हणजे झाडोरा. मर्यादवेल किंवा स्पिनिफेक्ससारखं गवत पुळणीमागं पसरलं की जमिनीलगतचा वारा मोडतो, रेती तिथंच बसते, वेल वर येते, परत रेती बसते. पाया वेलीचा आणि भर वाऱ्याची, अशी ही भागीदारी आहे. हाच झाडोरा गुरांनी, जीपनं नाहीतर पायवाटेनं मोडला की त्या फटीतून वारा घुसतो, आवळल्यामुळं जोर वाढतो आणि ओली रेती लागेपर्यंत खड्डा खणत नेतो, दोन्ही बाजू झाडांनी धरून ठेवलेल्या असल्यामुळं टेकडी घोड्याच्या नालेच्या आकाराची होते, हात वारा येतो त्या बाजूला मागं राहिलेले. वाळवंटातल्या बारखाणाची, म्हणजे चंद्रकोरीसारख्या टेकडीची, शिंगं बरोबर उलटी, वारा जातो त्या बाजूला असतात.

उधाणाच्या लाटा या टेकड्यांवर फुटतात अन् मागची गावं वाचतात, म्हणून नेदरलँडसारखा बराचसा समुद्रसपाटीखाली असलेला देश त्यांना जपतो, आपल्याकडेही २०११ आणि २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनांनी त्यांना सर्वात कडक गटात घातलंय. तुटलेली टेकडी परत उभी करायला काड्यांचं कुंपण घालतात, साधारण निम्मं उघडं, कारण पक्की भिंत घातली की वारा भोवरे करून तिचा पायाच उकरतो. हे डांगरवाडीवाल्यांना, म्हणजे नदीच्या रेतीत डांगराचे वेल लावणाऱ्यांना, शिकवावं लागत नाही. नदीच्या पात्रात तुराट्यांच्या कुडाला दोन्ही अंगांनी रेती लागते, अन् टिनाचा पत्रा लावला तर चार दिवसांत खालून भगदाड.