नावेच्या गणितातला प्रवाह आणि वारा

अकरावीला सदिशांचे, म्हणजे मापाबरोबर दिशाही असलेल्या राशींचे, प्रकरण सुरू झाले की दोन प्रकारची उदाहरणे हमखास येतात. एकात नदी ओलांडणारी नाव असते आणि पाण्याला प्रवाह असतो. दुसऱ्यात नाव शिडाची असते आणि प्रवाहाच्या जागी वारा वाहतो. दोन्हींत दोन बाण काढायचे, त्यांची बेरीज करायची आणि उत्तराखाली रेघ मारायची, अशी शिकवण्याची पद्धत पडली आहे. पहिल्या उदाहरणात ती बरोबर आहे. दुसऱ्यात ती साफ चुकीची आहे, आणि भंडारा जिल्ह्यातल्या वैनगंगेकाठच्या वर्गात इतकी वर्षे भौतिकशास्त्र शिकवूनही मला दर जूनमध्ये तीच चूक नव्या वहीत पाहावी लागते.

प्रवाहाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण घाटावर वाढलेल्या मुलाला ते पुस्तकाआधीच कळलेले असते. पात्र १ किलोमीटर रुंद आहे, डोंगा ताशी ५ किलोमीटरने वल्हवता येतो आणि प्रवाह ताशी ३ किलोमीटर आहे असे धरले, तर तोंड सरळ समोर ठेवणारा १२ मिनिटांत पलीकडे पोहोचतो, पण ६०० मीटर खाली लागतो. नेमके समोर लागायचे असेल तर तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरावे लागते आणि १५ मिनिटे जातात. खरी नदी मध्यावर वेगात आणि काठाशी संथ वाहते, पण हे सोपेकरण मी माफ करतो. पायथागोरसला विचारून वाहिल्यासारख्या ३-४-५ च्या नद्यांचा मात्र मला मनस्वी कंटाळा आला आहे. चाल आणि वेग यांतला फरकही एका वाक्याचा आहे: वेगाला दिशा असते. दिशांचा संकेत तेवढा लक्षात ठेवावा. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा. प्रवाहाची दिशा मात्र तो जिकडे जातो तिकडची धरतात.

आता खरा घोळ. एका सराव-पुस्तकातले उदाहरण असे आहे: शिडाची नाव ताशी १२ किलोमीटर वेगाने उत्तरेकडे जात आहे, वारा ताशी ५ किलोमीटर वेगाने पूर्वेकडे वाहत आहे, तर नावेचा परिणामी वेग किती? मागे उत्तर छापले आहे, ताशी १३ किलोमीटर.

प्रवाहाचा वेग मिळवता येतो, त्याचे कारण इतकेच की डोंग्याचा ताशी ५ किलोमीटर हा वेग पाण्याच्या सापेक्ष मोजलेला असतो. वल्हे पाण्यालाच रेटते, आणि ते पाणी स्वतःच काठाच्या सापेक्ष सरकत असते. डोंग्याखालची जमीनच चालती आहे, म्हणून तिचा वेग डोंग्याला आयता मिळतो. विमान हवेत असते, म्हणून विमानाच्या गणितात वाऱ्याचा वेग याच न्यायाने मिळवतात आणि तेथे ते योग्यही आहे. नाव हवेत नसते, ती पाण्यात असते. वारा तिला वेग देत नाही, बल देतो. त्या बलातून किती वेग निघेल हे शिडाचा आकार, नावेचे वजन आणि पाण्याचा विरोध यांवर ठरते. बाणाला बाण जोडून ते निघत नाही.

ज्याला हे पटत नाही त्याने धानाच्या खळ्यावर उभे राहावे. तिवईवरून सुपातले धान सोडले की जड दाणे जवळजवळ पायाशी रास करतात आणि फोल चार पावले पलीकडे जाऊन पडते. वारा दोघांनाही तोच, उंचीही तीच. वाऱ्याचा वेग प्रत्येक वस्तूच्या वेगात सरळ मिळत असता, तर दाणाही फोलासारखाच वाऱ्याच्या वेगाने वाहत गेला असता आणि उपणणीत पायाशी रास कधी पडलीच नसती.

दुसरा पुरावा पाण्यावरचा आहे. पवनीजवळच्या गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यात पाणी जवळपास उभे असते, म्हणजे प्रवाह शून्य धरायला हरकत नाही, पण वारा तर असतोच. तेथे दोर सुटलेला डोंगा वाऱ्याच्या वेगाने धावत सुटत नाही. रेंगाळत काठाकडे सरकतो. मासेमारी करणाऱ्या ढिवर कुटुंबातल्या माझ्या एका विद्यार्थ्याने हे फळ्यावरच्या आकृतीकडे पाहत एका दमात सांगितले होते: "सर, डोंगा पान्यासंगं जाते, वाऱ्यासंगं नाही जात. वाऱ्यानं त्याचं तोंड फिरते." त्याचे उत्तर उत्तरसूचीशी जुळले नव्हते.

आपल्याकडे शीड कोणी पाहिलेले नसते, म्हणून ते कसे चालते हे सांगणे भाग आहे. शीड वाऱ्याला वळवते आणि त्या बदल्यात वारा शिडाला तिरपा रेटा देतो. नावेच्या तळाशी पाण्यात उभी असलेली रुंद फळी तिला आडवी घसरू देत नाही. सीताफळाची ओली बी दोन बोटांत दाबली की ती बोटांच्या दिशेला न जाता पुढे सटकते, तशी नाव दोन रेट्यांमधून पुढे निसटते. म्हणूनच शिडाची नाव वाऱ्याशी तिरपा कोन धरून, नागमोडी का होईना, वाऱ्याच्या विरुद्ध अंगाला जाऊ शकते. वाऱ्याहून जास्त वेगही तिला गाठता येतो. २४ नोव्हेंबर २०१२ रोजी नामिबियातील वॉल्विस बे येथे पॉल लार्सन यांनी 'वेस्टास सेलरॉकेट २' ही नौका ५०० मीटरच्या टप्प्यात सरासरी ६५.४५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १२१ किलोमीटर वेगाने नेली, आणि तेव्हाचा वारा त्याच्या निम्म्याहूनही कमी होता. उलट, वारा थेट पाठीमागून ताशी १२ किलोमीटरने येत असेल आणि नावही ताशी १२ ने जाऊ लागली, तर शिडाला वारा लागतच नाही, ते पदरासारखे लोंबते. बेरीज करणारे पुस्तक तेथे बिनदिक्कत २४ लिहील.

मग ते १३ कोठून आले? त्या उदाहरणात नावेचा ताशी १२ किलोमीटर हा वेग वाऱ्यामुळेच आलेला आहे, त्यामुळे त्यात वारा पुन्हा मिळवणे म्हणजे एकच पोते दोनदा मोजणे. नावेचा वेग १२ च आहे. मात्र नावेत उभ्या असलेल्या माणसाला जो वारा लागतो, तो वाऱ्याच्या वेगातून नावेचा वेग वजा करून मिळतो: ५ पूर्वेकडे आणि १२ दक्षिणेकडे, म्हणजे ताशी १३ किलोमीटर, आणि तोही समोरून, डावीकडे साधारण २३ अंशांवरून येणारा. इतक्या समोरच्या वाऱ्यावर साध्या शिडाची नाव चालतच नाही, हे त्या उदाहरणाचे दुसरे दुर्दैव. तरीही मी आता ते खोडत नाही. शेवटचा प्रश्न तेवढा बदलतो, "नावेतल्या माणसाला वारा किती वेगाने लागेल?" असा, मागे छापलेले १३ तसेच राहते.