पार्श्वभूमी : गच्चीवरचा सोलर आणि न्हाणीतला गीझर

कोल्हापुरात नव्या घराचा स्लॅब पडला की गच्चीवर दोन टाक्या चढतात. एक गार पाण्याची, काळी. दुसरी सोलरची, म्हणजे उन्हावर पाणी तापवणाऱ्या यंत्राची, आडवी. खाली बाथरूममध्ये गीझर असतोच. पेठांतल्या जुन्या घरांत परड्यात किंवा माळ्यावर तांब्याचा बंबही अजून सांभाळून ठेवलेला सापडतो. ही तिन्ही भांडी वेगवेगळ्या काळात घरात आली. ती एकमेकांना जोडायची कशी, हे मात्र बहुतेक घरांत प्लंबर सांगेल तसं ठरलं. त्याचा त्रास जूनपासून सुरू होतो, पंचगंगेचं पाणी चढायला लागतं आणि ऊन आठवडा आठवडा दिसत नाही तेव्हा.

सुरुवात बंबापासूनच करायला हवी. मधोमध नळकांडं, त्यात जळण, खाली जाळी आणि राख पडायची जागा, भोवती पाणी. शेणी, तुरकाट्या, उसाची चिपाडं, सुताराकडच्या ढलप्या, काहीही चालायचं. काही बंबांना वर नरसाळं असे आणि त्याची नळी थेट तळापर्यंत गेलेली असे. वरून गार पाणी ओतलं की ते तळाशी जाई आणि वरचं कढत पाणी तोटीतून बाहेर पडे. जेवढं ओताल तेवढंच मिळेल. गरम पाणी हलकं म्हणून वर राहतं, गार जड म्हणून खाली बसतं, या एका गोष्टीवर बंब चालायचा. आज भिंतीवर टांगलेला उभा गीझरही याच तत्त्वावर चालतो : गार पाणी खालून आत, गरम वरून बाहेर. मग घंगाळात विसण, म्हणजे कढत पाण्यात बेताचं गार पाणी, घालून अंघोळ. विसण हा शब्द आता कमी ऐकू येतो, पण सोलरच्या बाबतीत त्याची गरज पुन्हा पडते, ते पुढे येईलच.

बंबाची उणीव एकच होती. आग विझली की तासा-दोन तासांत पाणी कोमट. तापवलेलं पाणी धरून ठेवायची सोय त्याच्यात नव्हती. उन्हानं पाणी तापवू पाहणाऱ्यांनाही पुढे हीच अडचण आली.

अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये क्लॅरेन्स केम्पनं १८९१ मध्ये सोलर हीटरचं पेटंट घेतलं. काचेच्या पेटीत काळ्या रंगाच्या टाक्या, एवढाच त्याचा मामला. दुपारी पाणी छान तापे, पण टाकी उघड्यावरच असल्यानं रात्रीत ते निवून जाई. अंघोळ संध्याकाळीच उरकायची. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेलीनं तापवणं आणि साठवणं या दोन कामांची फारकत केली. खाली काचेच्या पेटीत काळ्या पत्र्यावर नळ्या, वर वेगळी टाकी, आणि त्या टाकीभोवती उष्णता अडवणारं जाड आवरण. नळ्यांतलं पाणी तापलं की आपोआप वर टाकीत चढे आणि टाकीच्या तळाचं गार पाणी नळ्यांत उतरे. पंप नको, वीज नको. सकाळच्या अंघोळीला आदल्या दिवसाचं ऊन मिळू लागलं. कंपनीचं नावच ‘डे अँड नाइट’ होतं. कोल्हापूरच्या गच्चीवरचा पत्र्याच्या पॅनेलचा सोलर अजूनही मुळात बेलीचाच आहे.

जोडणीचा विचारही बेलीच्या काळातच झाला होता. ढगाळ दिवसांसाठी त्याची टाकी घरातल्या चुलीला किंवा गॅसच्या हीटरला जोडता येत असे. १९१३ च्या जानेवारीत कडाक्याची थंडी पडली आणि पाणी गोठून छपरांवरच्या नळ्या फुटल्या. तेव्हा त्यानं नळ्यांत अल्कोहोल मिसळलेलं पाणी फिरवलं आणि टाकीच्या आत वेटोळं बसवून त्याची उष्णता वापरायच्या पाण्याला दिली. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्न नाही, पण बोअरच्या क्षारांनी नळ्या बुजण्याचा आहे, आणि त्यावरचा उपायही हेच वेटोळं आहे. थंड देशांत तर पुढे उभ्या टाकीत दोन वेटोळी बसवायची पद्धत रुळली : तळाशी उन्हाचं, वर बॉयलरचं. ऊन आधी गारातल्या गार पाण्याला हात घालतं आणि बॉयलर फक्त वरचा थर पुरा करतो.

लॉस एंजेलिसच्या परिसरात १९२० नंतर नैसर्गिक वायू सापडत गेला, स्वस्त झाला, आणि सोलरची मागणी आटली. मला या इतिहासातला सर्वांत बोलका भाग वाटतो तो यापुढचा. बेलीनं उन्हाची पेटी बाजूला ठेवली, टाकी मात्र टाकली नाही. त्याच आवरणाच्या टाकीखाली गॅसचा बर्नर बसवून तो मोठा गीझरवाला झाला.

इस्राएलमध्ये १९५० च्या दशकात इंधनटंचाईतून हेच यंत्र पुन्हा उभं राहिलं. हॅरी टेबॉर यांनी ऊन शोषून घेणारा पण उष्णता कमी सोडणारा काळा लेप तयार केला. १९८० मध्ये तिथे नव्या घरांना सोलर सक्तीचा झाला. आपल्याकडे १९७३ च्या तेलसंकटानंतर जाग आली. केंद्रात १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जेचा वेगळा विभाग निघाला, महाराष्ट्रात त्याच दशकात ‘मेडा’ ही राज्याची ऊर्जा विकास संस्था आली. पत्र्याच्या पॅनेलनंतर चीनमधून दुहेरी काचेच्या निर्वात नळ्या आल्या आणि सोलर मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. २०१० च्या राष्ट्रीय सौर मोहिमेनं तर २०२२ पर्यंत ऊन झेलून पाणी तापवणाऱ्या २ कोटी चौरस मीटर संग्राहकांचं लक्ष्य ठेवलं होतं.

कोल्हापुरात सोलर यायला आणखी एक गोष्ट आधी व्हावी लागली. कौलं जाऊन स्लॅब आला, आणि जिन्याच्या खोलीच्या डोक्यावर पाण्याची टाकी ठेवायची रीत पडली. गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच नसेल तर सोलर पुरता भरत नाही. जुन्या घरांत सोलर बसवताना निम्मा वाद या उंचीवरच होतो.

आता जोडणी. आपल्याकडे सर्रास सोलरच्या टाकीतच २ किलोवॅटची विजेची कॉइल बसवून देतात. आमच्याकडेही तेच झालं होतं. टाकी आडवी, कॉइल तळाशी, त्यामुळे बटण दाबलं की सगळं पाणी तापणार. हिशेब साधा आहे : २०० लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर न्यायला सुमारे ७ युनिट वीज लागते. घरात दोनच माणसं अंघोळीची असली तरी तेवढीच. शिवाय रात्री कॉइल लावली तर सकाळी टाकी आधीच गरम असते आणि दिवसभर आलेल्या उन्हाला काम उरत नाही. पहिल्या पावसाळ्यात आलेली बिलं पाहून आईनं ते बटणच टेप लावून बंद केलं आणि माळ्यावरचा बंब खाली काढला. सोलरचं कोमट पाणी बंबात ओतायचं आणि चार शेण्यांत भागवायचं. तिची ही जोडणी तंत्राच्या दृष्टीनं अगदी बिनचूक होती : आधी ऊन, मग उरलेल्यापुरती आग.

बंबाच्या जागी गीझर धरला की उत्तर मिळतं. सोलरचं पाणी थेट नळाला न नेता १५ लिटरच्या गीझरमधून न्यायचं. सोलर गरम असेल तर गीझरचा थर्मोस्टॅट चालूच होत नाही. कोमट असेल तर उरलेले अंश तो भरतो. तेच ३० अंश १५ लिटरला चढवायला अर्ध्या युनिटच्या आसपास वीज पुरते. मात्र येणारं गरम पाणी चालेल असा गीझर हवा, त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह कुणी बुजवलेला नसावा, पाइप साध्या पीव्हीसीचे नसून गरम पाणी सोसणाऱ्या सीपीव्हीसीचे असावेत. एप्रिल-मेमध्ये घर आठ दिवस बंद राहिलं तर टाकीतलं पाणी उकळीच्या जवळ जातं. तेव्हा सोलरची उघडी हवेची नळी मोकळी असलीच पाहिजे, आणि नळाशी गार पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह हवा. विसण ते हेच. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर यात चालढकल करू नये.

फेब्रुवारी २०२४ मध्ये छतावर उन्हापासून वीज करण्यासाठीची पीएम सूर्यघर योजना आली आणि गच्चीवरच्या जागेला नवा दावेदार मिळाला. विजेच्या पॅनेलला जागा हवी म्हणून लोक सोलरच्या नळ्या उतरवू लागलेत. आमच्या गल्लीतल्या एका घरानं गेल्या वर्षी तेच केलं. नळ्या आणि स्टँड भंगारात गेले, टाकी राहिली. तिच्यातली तळाची कॉइल आता पॅनेल जोरात चालत असताना, दुपारी १२ ते ३ लावतात, आणि सगळी टाकी तापते तेच त्यांना हवं असतं.