झिजलेलं होल्स्टर : तपासणी आणि बदल

पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर कमरेला, काखेत नाहीतर पॅंटच्या आतल्या बाजूला अडकवायचं जे कव्हर असतं ते होल्स्टर. बहुतेकांना वाटतं की त्याचं काम गन पडू नये एवढंच, पण त्याहून मोठं काम आहे ट्रिगर पूर्ण झाकून ठेवण्याचं, म्हणजे बोट, कपडा, किल्ली, काहीही तिथे पोचायला नको. होल्स्टर जुनं होऊन मऊ पडलं, दुमडलं किंवा तडकलं की हे काम तर थांबतंच, वर कधीकधी त्याचाच दुमडलेला भाग ट्रिगर दाबतो आणि कोणी बोट न लावता गोळी सुटते. गाडीचे ब्रेक शू झिजणारच हे आपण धरून चालतो आणि वेळेत बदलतो, तसंच होल्स्टरकडे बघायला हवं, पण गन हजारो रुपयांची किंवा शेकडो डॉलरची घेणारी माणसंसुद्धा तेच होल्स्टर वर्षानुवर्षं न बघता वापरत राहतात.

हा विषय मुख्यतः अमेरिकेतला आहे, कारण तिथे साध्या नागरिकांनी भरलेली गन रोज अंगावर बाळगणं कायदेशीर आणि नेहमीचं आहे. २०२४ पर्यंत २९ राज्यांमध्ये त्यासाठी वेगळं परमिटही लागेनासं झालं, टेक्सासमध्ये तर १ सप्टेंबर २०२१ पासूनच. परमिट नाही म्हणजे बऱ्याच ठिकाणी सक्तीचं ट्रेनिंगही नाही, त्यामुळे होल्स्टर कसं तपासायचं हे कोणी समोर बसवून शिकवेलच असं नाही.

हा प्रश्न आला कुठून

जुन्या काळी पोलिसांकडे डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हर असायचं, म्हणजे ट्रिगरच्या एकाच ओढीत हॅमर (मागून गोळीवर आपटणारा भाग) मागे नेऊन सोडणारं, त्याचा ट्रिगर ओढायला साधारण साडेचार ते साडेपाच किलोचा जोर लागायचा आणि तो लांबपर्यंत ओढावा लागायचा. त्यामुळे त्या काळची बरीच होल्स्टरं ट्रिगर उघडाच ठेवायची, पटकन बोट घालता यावं म्हणून, आणि ते चालूनही जायचं. मग ऑस्ट्रियात गास्टन ग्लॉक यांचं ग्लॉक १७ आलं, १९८२ मध्ये तिथल्या सैन्याने ते स्वीकारलं आणि पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या पोलीस खात्यांनी मोठ्या प्रमाणावर घेतलं. या पिस्तुलाला बाहेरून फिरवायचा सेफ्टीचा खटका नाही. आत तीन सेफ्टी आहेत, त्यातली एक ट्रिगरच्या मधोमध असलेली छोटी पट्टी, आणि ट्रिगर ओढला की तिन्ही आपोआप सुटतात. ट्रिगरचा जोर साधारण अडीच किलो आणि प्रवास साडेबारा मिलिमीटर. पिस्तूल खाली पडलं तरी उडू नये अशी ही रचना आहे आणि ती चांगली चालते, पण ट्रिगर कशाने दाबला हे पिस्तुलाला कळत नाही, बोटाने दाबला काय आणि चामड्याच्या घडीने दाबला काय, त्याला सगळं सारखंच. म्हणजे अशा पिस्तुलांमध्ये बाहेरून दिसणारी सेफ्टी म्हणजे होल्स्टरच, आणि आज बाजारातली बहुसंख्य नवी पिस्तुलं याच पद्धतीची आहेत.

होल्स्टर अजिबात नसेल तर काय होतं हे २००८ च्या नोव्हेंबरमध्ये दिसलं. न्यूयॉर्क जायंट्सचा फुटबॉलपटू प्लॅक्सिको बरेस मॅनहॅटनच्या एका क्लबमध्ये ग्लॉक नुसतं ट्रॅकपॅंटच्या इलॅस्टिकमध्ये खोचून गेला, ते घसरलं, त्याने धरायला हात घातला आणि गोळी त्याच्याच मांडीत गेली. पुढे बेकायदा गन बाळगल्याबद्दल त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. होल्स्टर असून घात झाल्याच्या घटनाही आहेत. जानेवारी २०१४ मध्ये इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिलचे पोलीस प्रमुख एका गनच्या दुकानात आपलं पिस्तूल परत होल्स्टरमध्ये ठेवत होते, अंगातलं फ्लीस जॅकेट मध्ये अडकलं आणि गोळी मांडीत घुसली. इतकी वर्षं गन हाताळलेल्या माणसाचं असं होऊ शकतं, तर नवख्याने किती जपायला हवं.

झिजलेल्या चामड्याची घटना २०११ च्या सुमारास अमेरिकेत खूप गाजली. एकाच्या चामडी होल्स्टरचं तोंड वापरून वापरून मऊ पडलं होतं, तिथे आतल्या बाजूला एक घडी तयार झाली होती, ती ट्रिगरभोवतीच्या कड्यात शिरली आणि तो गाडीत बसत असताना गोळी सुटली. त्या घडीचे फोटो बघितले की लगेच कळतं, इतकी ती स्पष्ट दिसते. पण रोज वापरणाऱ्याला दिसत नाही, कारण ती एका दिवसात होत नाही, हळूहळू वाढते आणि आपण त्याच होल्स्टरकडे बघणं कधीच सोडून दिलेलं असतं.

चामडं

चांगलं होल्स्टर गाईच्या, झाडाच्या सालीच्या रसात कमावलेल्या साधारण तीन ते साडेतीन मिलिमीटर जाड चामड्याचं असतं, ते ओलं करून गनच्या आकारावर दाबून वाळवतात म्हणून त्याला आकार येतो. हाच आकार घामाने आणि ओलाव्याने जातो. पॅंटच्या आत लावलेलं होल्स्टर दिवसभर अंगाला चिकटलेलं असतं, घाम पितं, बेल्टखाली दाबलं जातं, आणि गन बाहेर काढली की त्याचं तोंड मिटायला लागतं. चांगले कारागीर तोंडाशी चामड्याची जास्तीची पट्टी शिवतात, काही जण आत पोलादाची पट्टीही घालतात, ती नसेल तर तोंड लवकर बसतं. मग परत गन घालताना माणूस मिटलेलं तोंड गनच्या पुढच्या टोकानेच उघडायला बघतो, कड आत दुमडते, आणि ती नेमकी ट्रिगरच्या पुढे येते. सगळ्यात वाईट म्हणजे कधीकधी त्या क्षणी काहीच होत नाही, घडी ट्रिगरला टेकून राहते आणि मग वाकलं, बसलं, सीटबेल्ट लावला की दाब येतो.

तेल लावून चामडं मऊ ठेवावं ही चपला-बुटांची सवय इथे उलटी पडते. होल्स्टरला मऊपणा नको, ताठपणा हवा, त्यामुळे तेलात भिजवलेलं होल्स्टर नवं असलं तरी बादच समजायचं. ओलं झालं तर सावलीत वाळवावं, हीटरसमोर किंवा कडक उन्हात नाही. वरच्या बाजूने बटण लागणारी पट्टी असेल तर तीही बघायची, कारण बटण सैल झालं आणि पट्टी लोंबायला लागली की तीच आत जाऊन ट्रिगरपाशी अडकू शकते.

बाकीचे प्रकार

कायडेक्स नावाचं कडक प्लॅस्टिक १९६५ पासून आहे, विमानाच्या आतल्या भागांसाठी निघालेलं, आणि १९७० च्या दशकात बिल रॉजर्स यांनी त्याची होल्स्टरं बनवायला सुरुवात केली. ते घाम पीत नाही, तोंड मिटत नाही, म्हणून आज खूप लोक तेच घेतात. पण झीज इथेही आहेच, फक्त वेगळ्या जागी. स्क्रूच्या भोकांपाशी आणि घडीच्या कोपऱ्यात बारीक तडे जातात, गन घट्ट धरणारा स्क्रू हळूहळू सैल होतो, बेल्टची क्लिप मोडते, आणि उन्हात बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवलं तर आकार वाकतो. हायब्रिड म्हणून मिळतात त्यात मागे चामडं आणि पुढे प्लॅस्टिक असतं, त्याचं मागचं चामडं मऊ पडलं की वरून दुमडून आत येतं, म्हणजे प्लॅस्टिक दिसतंय म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. सगळ्या साइझला बसणारं स्वस्त नायलॉनचं होल्स्टर मात्र घेऊच नये असं माझं ठाम मत आहे, ते नवं असतानाच ट्रिगरवर नीट कडक कवच देत नाही, झिजायची वाट कशाला बघायची.

पिस्तुलाखाली टॉर्च लावत असाल तर आणखी एक गोष्ट. टॉर्चसाठी होल्स्टरचं तोंड रुंद ठेवावं लागतं, त्यामुळे ट्रिगरच्या बाजूला फट राहते आणि जॅकेटच्या दोरीचं टोक किंवा तसलं काही तिथून आत जाऊ शकतं. हा झिजेचा दोष नाही, पण तपासताना बघायलाच हवा.

तपासायचं कसं

आधी गन रिकामी. मॅगझिन काढा, चेंबरमधली (नळीच्या मागच्या कप्प्यातली) गोळी काढा, डोळ्याने बघा आणि बोट घालून चाचपा, मग गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून या. गन सुरक्षितपणे हाताळायचे नियम घालून देणारे अमेरिकी प्रशिक्षक जेफ कूपर यांचा पहिला नियम, प्रत्येक गन भरलेलीच आहे असं समजा, तो इथेही लागू, म्हणजे रिकामी केली तरी तोंड सुरक्षित दिशेलाच ठेवायचं.

मग रिकामं होल्स्टर बेल्टला लावा, बेल्ट रोजच्याइतका आवळा आणि तोंड बघा. टेबलावर ठेवून बघितलं तर ते उघडंच दिसतं, खरी परीक्षा बेल्टच्या दाबाखाली होते. तोंड मिटत असेल तर तिथेच निर्णय झाला. टॉर्चच्या उजेडात आतून बघा, कुठे घडी, सुटलेला धागा, उचललेलं अस्तर आहे का, विशेषतः ट्रिगर येतो त्या जागी. नंतर रिकामी गन कॉक करून, म्हणजे ट्रिगर दाबला की सुटेल अशी तयार करून, आत घाला आणि ट्रिगरच्या जागी बाहेरून अंगठ्याने जोरात दाबा, चारी बाजूंनी पिळा, लावूनच खाली बसा, वाका, गाडीत बसून बघा. टिक असा आवाज आला तर भरलेली गन असती तर गोळी सुटली असती. दाबल्यावर आतला ट्रिगर जरासा हलतोय असं जाणवलं तरी पुरे, आवाजाची वाट बघू नका. शेवटी गन आत असताना होल्स्टर गादीवर उलटं धरून हलवा, गन निसटत असेल तर पकड गेलेली आहे.

स्क्रू महिन्यातून एकदा हाताने बघावेत, त्यावर निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावला तर सहसा सुटत नाहीत. रोज बाळगणाऱ्याने रोज एक नजर आणि महिन्याला ही पूर्ण तपासणी, एवढं केलं तर बहुतेक दोष आधीच सापडतात. पावसात भिजलं, पडलं, कोणाशी झटापट झाली की त्याच दिवशी पुन्हा.

गन परत ठेवताना घाई कधीच नको. काढताना घाई असू शकते, ठेवताना कसली. शर्ट बाजूला करा, तोंडाकडे बघा, बोट सरळ बाहेर, आणि हॅमर असलेल्या गनला अंगठा हॅमरवर, म्हणजे काही अडकलं तर हॅमर मागे सरकताना अंगठ्याला कळतं. जराही अडखळलं तर दाबायचं नाही, बाहेर काढून बघायचं.

आपल्याकडे

भारतात नागरिकांना शस्त्र कायदा १९५९ खाली लायसन्स लागतं आणि ९ एमएम मिळत नाही, त्यामुळे बहुतेकांकडे .३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल असतं. रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर जड, म्हणून धोका कमी, पण शून्य नाही, हॅमर मागे ओढलेला असेल तर तोच ट्रिगर खूप हलका होतो. १ ऑक्टोबर २०२४ ला मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच लायसन्सच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली, ते कपाटात ठेवताना हातातून पडल्याचं तेव्हा सांगितलं गेलं, म्हणजे तो होल्स्टर झिजण्याचा प्रकार नव्हता, पण ठेवण्याच्या क्षणी किती लक्ष लागतं ते त्यातून कळतं.

महाराष्ट्रात चामड्याचा खरा शत्रू पावसाळा. कोकणात आणि मुंबईत कपाटातल्या बुटांना, बॅगांना बुरशी येते तशी होल्स्टरलाही येते, शिवण कुजते, चामडं फुगून मऊ होतं. गन चामड्यातच घालून महिनोन्‌महिने ठेवू नये, ओलावा धरून लोखंडाला गंजही चढतो. निवडणुकीच्या आचारसंहितेत लायसन्सवाल्यांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात, तेव्हा होल्स्टर घरी ठेवून मोकळं सुकवावं आणि हत्यार परत मिळालं की वरची तपासणी करूनच वापरायला घ्यावं.

बदलणं

ठरावीक मुदत अशी नाही, रोज घामात वापरलेलं चामडं दोन-तीन वर्षांतही जाऊ शकतं आणि कमी वापरलेलं बरंच टिकतं. तोंड मिटणं, ट्रिगरपाशी घडी, शिवण सुटणं, प्लॅस्टिकला तडा, स्क्रू न धरणं, यातलं एक दिसलं तरी बदलायचं. टेप लावून, गोंद लावून, गरम करून दुरुस्ती करू नये, बनवणाऱ्या कारागिराकडूनच शिवून मिळत असेल तर गोष्ट वेगळी. नवं घेताना आपल्याच मॉडेलचं, टॉर्च असेल तर त्या टॉर्चसकट जुळणारं घ्यायचं, जवळपास बसतंय म्हणून दुसऱ्या गनचं नाही, आणि नव्याचीही तीच तपासणी रिकाम्या गनने करायची. जुनं कोणाला देऊ नये, ड्रॉवरमध्येही ठेवू नये. ट्रिगरच्या जागेवरून कात्रीने कापून, प्लॅस्टिकचं असेल तर तिथेच मोडून, मग कचऱ्यात टाकावं.