‘घरी पडलो’ की ‘कामावर लागलं’? ईएसआयचे दोन वेगळे पैसे

जळगावच्या एमआयडीसीत एका दालमिलच्या पट्ट्यात आमच्या ओळखीतल्या एकाचं बोट गेलं. फडक्यात हात गुंडाळून त्याला रिक्षात बसवता बसवता मुकादम कानाशी म्हणाला, "डाक्टरले सांगजो, घर पडनू." अपघाताचा रिपोर्ट गेला की तपासणी मागे लागते, ती टाळायची होती. वर समजूत अशी की, पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापलं जातं म्हणजे पैसे मिळणारच, कारण काही का लिहिना.

पैसे दोन्हीकडून मिळतात, म्हणूनच घोळ होतो. ‘घरी पडलो’ सांगितलं की तो आजारपणाचा लाभ. त्यात सरासरी रोजाच्या 70 टक्के, वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस. त्यासाठी आधीच्या सहामाहीत निदान 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. म्हणजे दोन महिन्यांपूर्वी लागलेल्या पोराच्या हाती भोपळा.

‘कामावर लागलं’ सांगितलं की तो अपंगत्वाचा लाभ. इथे 90 टक्के, आणि बरं होईपर्यंत, दिवसांची मर्यादा नाही. वर्गणीची अटही नाही. कामाच्या पहिल्याच दिवशी हात सापडला तरी हक्क आहे. कामावर येता-जाताना महामार्गावर गाडी घसरली तर तोही बहुधा यातच बसतो, हे फार कमी जणांना माहीत असतं.

खरी तफावत मात्र जखम भरल्यावर कळते. तर्जनी मुळापासून गेली तर कमाईची ताकद 14 टक्के घटली, असं कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलंय. रोज 500 असेल तर 90 टक्क्यांनी 450, त्याचे 14 टक्के म्हणजे रोजचे 63 रुपये. कामावर परत रुजू झाला तरी चालू, तहहयात. आजारपणाच्या खात्यात असलं काही नाही. 91 दिवस संपले की संपलं.

कापसाच्या जिनिंगवाल्यांनी यात स्वतःला धरू नये. हंगामी कारखान्याला ईएसआय लागत नाही, तिथे भरपाई थेट मालकाकडून मागायची. ती 1923 च्या कामगार भरपाई कायद्याने मिळायची. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो आणि ईएसआयचा कायदा दोन्ही सामाजिक सुरक्षा संहितेत गेले, पण हा फरक तसाच राहिला.

दवाखान्यातल्या पहिल्या केसपेपरवर जे लिहिलं जातं, त्यावर पुढचं सगळं चालतं. नंतर ‘साहेब, खरं तर मिलमध्ये लागलं होतं’ म्हणत फिरायचं म्हणजे साक्षीदार शोधा, हेलपाटे घाला. आणि साक्षीदार त्याच मुकादमाच्या हाताखालचे. त्यापेक्षा त्याच दिवशी कारखान्याच्या अपघात वहीत नोंद करायला लावा. तोंडी सांगितलं तरी चालतं, तुमच्या वतीने भावाने सांगितलं तरी चालतं. नोंद झाली की त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. दुसरा हात तर शाबूत असतो.