दीडशे एएचचे कूलोम किती?

नागपूरच्या मे महिन्यात भर दुपारी लाइन गेली की घरोघरी इन्व्हर्टरची परीक्षा सुरू होते. बॅटरीने मान टाकली, तर बर्डीवरच्या दुकानात बोलणं एवढंच: “भाऊ, दीडशेची दाखवा.”

हे दीडशे म्हणजे ॲम्पिअर-तास, दुकानाच्या भाषेत एएच. घरातली बारावीची पोरं तोच विद्युतप्रभार कूलोममध्ये मोजतात. एक ॲम्पिअर प्रवाह सेकंदभर वाहिला की एक कूलोम. तासाचे सेकंद ३६००, म्हणून दीडशे एएचचे ५,४०,००० कूलोम. मोबाइलच्या ५००० एमएएचचे १८,०००. इथवर नुसता गुणाकार. गंमत जुन्या एककांत आहे.

शार्ल कूलोमने १७८५ मध्ये तारेच्या पिळावर चालणाऱ्या तराजूने प्रभारांमधलं बल मोजलं. त्या नियमावरून पुढे स्टॅटकूलोम ठरला: एक सेंटिमीटरवरचे दोन सारखे प्रभार एकमेकांना एक डाइन बलाने ढकलत असतील, तर प्रत्येक प्रभार एक स्टॅटकूलोम. चुंबकवाल्यांनी प्रवाहाच्या परिणामावरून आपलं वेगळंच एकक काढलं. इतवारीत एक शेर आणि बर्डीवर दुसराच, असा प्रकार!

१८५६ मध्ये वेबर आणि कोलराउश यांनी लेडन बरणीतला (प्रभार साठवायच्या काचेच्या बरणीतला) प्रभार दोन्ही मापांनी मोजला. गुणोत्तर नुसता आकडा निघेना, निघाला वेग: सेकंदाला सुमारे ३,१०,००० किलोमीटर. हा प्रकाशाच्या वेगाच्या इतका जवळ होता, की मॅक्सवेलला प्रकाश हा विद्युतचुंबकीय तरंग आहे म्हणायला मोठाच आधार मिळाला. एका कूलोमचे सुमारे २९९.८ कोटी स्टॅटकूलोम होतात, त्या विचित्र आकड्यात प्रकाशाचा वेगच दडलेला आहे.

कूलोम हे नाव १८८१ च्या पॅरिस परिषदेतलं. चुंबकीय पद्धतीतलं प्रवाहाचं एकक व्यवहाराला मोठं पडे, म्हणून ॲम्पिअर त्याचा दहावा हिस्सा धरला; त्या पद्धतीतलं प्रभाराचं एकक, ॲबकूलोम, दहा कूलोमचं असतं ते त्यामुळे. १९०८ मध्ये ॲम्पिअर चांदीवर बेतला: द्रावणातून सेकंदाला १.११८ मिलिग्रॅम चांदी जमवणारा प्रवाह. १९४८ पासून चांदीच्या जागी प्रवाह वाहणाऱ्या दोन तारांमधलं बल आलं. २० मे २०१९ पासून इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचाच आकडा कायम केला आहे: १.६०२१७६६३४ गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात, इतके कूलोम.

बॅटरीवाले मात्र तासातच मोजतात. लेबलवर ‘सी२०’ असेल तर दीडशे एएच म्हणजे साडेसात ॲम्पिअरने वीस तास. कूलर जोडून जास्त प्रवाह ओढला, तर तेवढे कूलोम पदरात पडत नाहीत.