यू टू

यू टू हा डब्लिन शहरातील आयरिश रॉक बँड. सप्टेंबर १९७६ मध्ये माउंट टेम्पल शाळेतील लॅरी मलन या चौदा वर्षांच्या ड्रमवादकाने सूचनाफलकावर चिठ्ठी लावून साथीदार मागितले आणि त्याच्या घरच्या स्वयंपाकघरात जमलेल्या मुलांतून हा बँड उभा राहिला. गायक बोनो (पॉल ह्यूसन), गिटारवादक द एज (डेव्हिड एव्हन्स), बास गिटारवादक अ‍ॅडम क्लेटन आणि मलन या चौघांची सोबत पुढे कधी तुटली नाही. ‘फीडबॅक’ आणि ‘द हाइप’ ही आधीची नावे टाकून १९७८ मध्ये त्यांनी सध्याचे नाव घेतले. १९८० मध्ये आयलंड रेकॉर्ड्सशी करार झाला आणि त्याच वर्षी ‘बॉय’ हा पहिला अल्बम निघाला.

या चौघांपैकी कोणीही आरंभी कसलेला वादक नव्हता, आणि त्यांच्या संगीताची ओळख बऱ्याच अंशी या उणिवेतूनच घडली. द एज झपाट्याच्या ताना वाजवीत नाही. तो मोजके स्वर छेडतो आणि प्रतिध्वनी देणारे यंत्र ते स्वर सुमारे पाऊण मात्रेनंतर पुन्हा उमटवते. वाजवलेले स्वर अर्ध्या मात्रेच्या अंतराने आणि त्यांचे प्रतिध्वनी पाऊण मात्रेनंतर पडत असल्याने दोहोंच्या गुंफणीतून एक दाट, धावती लय तयार होते आणि एकच गिटार अनेक गिटारींसारखी ऐकू येते. ‘द जोशुआ ट्री’ (१९८७) या अल्बमच्या आरंभीच्या गाण्यात हे तंत्र विशेष स्पष्ट आहे. ब्रायन ईनो आणि डॅनियल लान्वा या निर्मात्यांसह केलेल्या या अल्बमला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी मिळाले. बँडच्या नावावर आज एकूण २२ ग्रॅमी आहेत.

‘वॉर’ (१९८३) या अल्बममधील ‘संडे ब्लडी संडे’ या गाण्याला उत्तर आयर्लंडमधील डेरी शहरात ३० जानेवारी १९७२ रोजी ब्रिटिश सैनिकांनी निःशस्त्र निदर्शकांवर केलेल्या गोळीबाराची पार्श्वभूमी आहे. मात्र ते बंडाचे गाणे नव्हे, असे बोनो मंचावरून आवर्जून सांगत असे. ८ नोव्हेंबर १९८७ रोजी उत्तर आयर्लंडमधीलच एनिस्किलन येथे आयरिश रिपब्लिकन आर्मी या सशस्त्र संघटनेने बाँबस्फोट घडवला, त्याच दिवशी डेन्व्हर येथील कार्यक्रमात त्याने हे गाणे मध्येच थांबवून हिंसेचा तीव्र निषेध केला.

कीर्तीच्या शिखरावर असताना बँडने स्वतःचीच घडण मोडली. १९९० मध्ये बर्लिनमध्ये नव्या अल्बमचे काम सुरू झाले तेव्हा मतभेद इतके विकोपाला गेले, की बँड फुटण्याची वेळ आली होती. ‘वन’ हे गाणे सुचल्यावर कोंडी फुटली. त्या ‘आख्टुंग बेबी’ (१९९१) मध्ये नृत्यसंगीताचे ठेके, गढूळ केलेला आवाज आणि उपहास आहे. त्यामुळे तो त्यांचा सर्वांत धाडसी अल्बम मानावा लागतो. २०१४ मध्ये मात्र नवा अल्बम न मागताच ‘आयट्यून्स’ या संगीतसेवेच्या कोट्यवधी खात्यांत जमा झाल्याने श्रोते संतापले आणि बोनोला दिलगिरी व्यक्त करावी लागली.

१५ डिसेंबर २०१९ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर बँडचा भारतातील पहिला कार्यक्रम झाला. त्याआधी काही आठवडे ए. आर. रहमान यांच्यासह केलेले ‘अहिंसा’ हे गाणे प्रसिद्ध झाले होते. २०२३ मध्ये लास व्हेगासच्या ‘स्फिअर’ या गोलाकार प्रेक्षागृहात सुरू झालेल्या कार्यक्रमांना शस्त्रक्रियेनंतरच्या विश्रांतीमुळे मलन उपस्थित नव्हता. त्याच्या जागी ब्राम फान डेन बर्ग या डच वादकाने ड्रम वाजवले.